मेंढ्यांची पाठ

आमच्या फॅरो बेटांवर झाडं नाहीत.
म्हणजे आहेत, चर्चच्या मागं, भिंतीच्या आडोशाला,
कुंपण घालून जपलेली, सरकारी पाहुण्यांसारखी.
बाकी गवत, दगड, आणि वारा,
जो छपरावरचं गवतसुद्धा विंचरून ठेवतो.
म्हणून खेळ विकत घेतला तेव्हा
मी सगळ्यात आधी काय शोधलं असेल, तर जंगल.

खेळातली मूळ झाडं कागदी होती,
जवळ गेलं की पानांच्या कडा कात्रीनं कापल्यागत.
मी मॉड उतरवला: ओक, बर्च, देवदार,
खोडांवर शेवाळ, शेवाळावर दव.
साडेनऊ जीबीचं दव!
मग नद्यांचं पाणी. मग चेहरे,
कारण गावातल्या सगळ्या बायका
एकाच साच्यातून ओतल्यासारख्या.
मग भूक लागण्याचा मॉड, थंडी वाजण्याचा,
घोडा दमण्याचा.
माणूस कामावरून दमून येतो
आणि खोट्या देशात पुन्हा दमायची सोय करतो.

"मार्युन, दिवसभर सामनचे काटे उपटतेस,
आणि रात्री हे?"
ट्रोंडुर. माझे बाबा.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढून आता
माझ्या मागच्या खुर्चीत नांगर टाकून बसलेले.
ते खेळत नाहीत. बघतात.
बघणाऱ्याला दोष जास्त दिसतात.

क्रम लावणं हे खरं काम.
कोण आधी, कोण नंतर, पंगतीतल्या मानापानासारखं.
पाणी हवामानाच्या पुढं बसलं तर हवामान रुसतं,
केस चेहऱ्यांच्या आधी आले
तर सिंहासनावर टकली राणी.
दोनशे चौदा मॉड,
आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं:
पुलावर पाय ठेवला की पडदा काळा,
पंखा घोंघावतोय, आणि मी परत डेस्कटॉपवर.
एकेक बंद कर. एकेक चालू कर.
बाहेर, तीनलाच अंधारलेला डिसेंबर
खिडकी हलवून बघत होता, उघडी आहे का.

आठवड्यानं जंगल उभं राहिलं.
प्रगतीपुस्तक दाखवावं तसं
मी बाबांकडे वळून बघितलं.
बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,
"समुद्र कुठं गेला?"

खरंच, दिसत नव्हता.

"आणि वारा असा नसतो.
ही झाडं कवायत करताहेत.
वारा एकाला सोडतो, दुसऱ्याला धरतो."

तेव्हा मी वारा शोधायला निघाले.
वाऱ्याचे मॉड पुष्कळ: झेंडे फडफडवणारे,
धूळ उडवणारे, केस उडवणारे
(फक्त तरण्या पोरींचे).
रात्री दोनला एक सापडला,
अकरा जणांनी उतरवलेला, चित्र नाही, काही नाही,
खाली एकच ओळ:
वारा सुटला की मेंढ्या त्याच्याकडे पाठ करतात.
बस्स. एवढंच. चाळीस केबी.

टाकला. टेकडीवर गेले. वादळ मागवलं.
मेंढ्या वळल्या, एक, मग दोन, मग बाकीच्या,
शेवटची उशिरा, चघळत,
जणू तिला आत्ताच कुणी कळवलं.
बाबा खुर्चीत पुढं सरकले.
"ह्या पोरानं मेंढ्या राखल्यात," म्हणाले.
पोर की पोरगी, कुठली, कोण जाणे.

मी जंगल काढून टाकलं.
एक झाड ठेवलं, खानावळीच्या मागं, भिंतीच्या आडोशाला.
घोड्याचं दमणंही काढलं, बिचारा.
टकली राणी मात्र राहू दिली,
तिला शोभत होतं.

सहाची पाळी होती, झोपायला हवं होतं.
तेवढ्यात डोंगरामागून ड्रॅगन आला,
खानावळ पेटली, पहारेकरी पळाले,
मीही पळाले,
आणि मेंढ्या, वाऱ्याकडे पाठ,
जिथल्या तिथं चरत राहिल्या.

"हा बग आहे," मी म्हटलं.

"छे," बाबा म्हणाले, "ह्या मेंढ्या आहेत."