गुडघ्याखाली

केप्याच्या शाळेत, शेवटच्या तासाला
मी नववीला वाचून दाखवते अ‍ॅझ्टेकांचा कायदा.
स्पॅनिश गलबतं यायच्या आधीचं
तळ्यावरलं ते शहर.
कापूस ल्यायचा तो सरदारांनी.
बाकीच्यांना घायपाताचा धागा,
आणि पांघरूण गुडघ्याच्या वरच.
खाली उतरलं तर मरण.
सूट एकच : लढाईत पाय फाटला असेल
तर व्रण झाकायला चार बोटं अधिक.

पंख्याला आवाज आहे, वारा नाही.
मागच्या बाकावरून रोयदास वेळीप विचारतो,
"बाई, मोजायचं कोण?"

पुस्तकात ते नाही.
पुस्तकात दर ऐंशी दिवसांनी भरायची खंडणी,
गाठोड्यांची चित्रं, वर पिसासारखी खूण : चारशे.
चारशे चादरी,
विणणाऱ्यांच्या अंगाला न लागलेल्या.
कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत,
कुणी बी पोखरून आत चिखल भरी.
इथे मुलं हसतात.
तो लबाड त्यांना लगेच ओळखीचा वाटतो.
आणि पैसेवाले व्यापारी रात्री परतत, होड्या झाकून,
माल दुसऱ्याच्या घरी उतरवून
सकाळी फाटकं पांघरून हिंडत.

मी फळा पुसते.

आईचं कापड तांबडं, चौकड्यांचं,
खांद्यावर गाठ, गुडघ्याच्या वर.
खाजनाच्या बांधाला भगदाड पडलं की
ती रात्रीच उतरायची, मांडीभर चिखलात.
बांध गावचा. जोण वाटेकऱ्यांचं.
ते यायचे धुतलेल्या पायांनी, वहीत नाव बघायला.
तिच्या बोटांचे ठसे बांधावर,
तेही पुढच्या भरतीपर्यंत.

आखूड का नेसतेस, मी विचारलं होतं.
"चिखल लागता गो," म्हणाली,
जणू कायदा चिखलानंच केला होता.

एकदाच, जात्रेला, ती घोळदार नेसली.
भाटकारीण हसली :
"मानकी, आज केरसुणी नको,
तुझ्या निऱ्याच अंगण झाडतात."
एवढंच. मरण नव्हतं त्यात.
ते लुगडं घडी करून तिनं पेटीत ठेवलं.
अजून तिथंच आहे.

घंटा होते. रोयदास उभा राहतो.
गेल्या वर्षीची पँट,
घोट्याच्या वर चार बोटं.
माझी नजर तिथं जाते,
आणि गेलेली त्याला कळते.