झाकण मिटल्यावर

सीताबर्डीच्या गाळ्यात हर्षदीप ढवळेने
अकरा हजारांत दिला हा लॅपटॉप,
कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेला,
पोटावर अजून त्यांचा नंबर चिकटलेला.
लिनक्स टाकून दिले, म्हणाला,
"सगळं चालते ताई. फक्त झोपेचं तेवढं पाहून घ्या."

पाहिले.
झाकण मिटायचे, दिवा मंद व्हायचा,
आणि स्कूटीवर मानकापूरला पोचेपर्यंत
पाठीला इस्त्री लागल्यासारखी.
मे महिना, छेचाळीस अंश,
डोक्याला दुपट्टा, डोळ्यांपुरती फट,
आणि पिशवीत बंद पंखा घरघरतोय.
निघताना शंभर असलेली बॅटरी
घरी एकतीस.

बाबांनी पिशवीवर तळवा ठेवला.
कोराडीच्या टर्बाइन हॉलमध्ये तेहतीस वर्षे
बेअरिंगवर ठेवायचे तसा.
"जागा हाये हा," म्हणाले,
"झोपल्याचं सोंग करून राहिला."

रात्री कूलरसमोर बसून
मी जागे करणाऱ्यांची यादी उघडली.
कीबोर्ड, टचपॅड, नेटवर्क, झाकण:
ज्याला त्याला हाक मारायची मुभा.
एकेकाचे तोंड बंद केले,
मिटवले, थांबले, उघडून पाहिले.
दीड वाजता सापडले.
झाकणच. मिटता मिटता बिजागरी थरथरते
आणि यंत्राला वाटते, कुणी उघडले.

कर्नेलच्या पोटात एक लांबलचक यादी आहे,
खोड्या असलेल्या यंत्रांची.
माझ्या मॉडेलच्या थोरल्या भावाचे नाव तिथे होते,
शेजारी कुणीतरी लिहिलेले:
हे झोपलो म्हणते. विश्वास ठेवू नये.
कोण असेल तो? त्याचीही पाठ भाजली असेल का?
त्याच्या ओळीखाली मी माझी एक ओळ जोडली,
आणि पाठवून दिली.

बाबा जागेच होते.
"बंद केलेला टर्बाइन
तसाच सोडत नाही पोरी.
गरम दांडा एका जागी पडून राह्यला
तं वजनानं वाकते.
म्हणून बारिंग गिअर लावाचा,
हळूहळू, हळूहळू फिरवत ठेवाचा.
दिवस दिवस.
लोकायला वाटे युनिट बंद हाये.
आम्हाला माहीत होतं."

मी म्हटले, यातही तसेच.
सगळे विझवायचे, पण स्मृतीला
एक बारीक धार चालू ठेवायची,
नाहीतर उघडल्यावर काहीच आठवत नाही.
"मंग बरोबर हाये," म्हणाले बाबा,
जणू मी नव्हे, ते यंत्र परीक्षेत पास झाले.

तीन आठवड्यांनी परक्या देशातून उत्तर आले.
ओळ घेतली. एक शंका:
बाहेरचे तापमान ४६ लिहिले आहे,
ते २६ असेल ना?
मी कळवले, नाही. सावलीत ४६.
पुढे त्याने काही विचारले नाही.

आता लॅपटॉप झोपतो.
रात्रभरात दोन टक्के, फार तर तीन.

काल तीनच्या सुमाराला लाइट गेली.
कूलर थांबला, खसाचे पाणी टपटपत राहिले,
आणि त्या शांततेने बाबा उठून बसले.
आवाजाने जागे होणारे पाहिले होते.
आवाज थांबला की जागे होणाऱ्याचे
नाव कुठल्या यादीतून खोडायचे?

ते गच्चीवर गेले.
उत्तरेला कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे
बोटावर मोजले, परत एकदा मोजले.
"तिकडं चालू हाये," खाली येऊन म्हणाले,
"आपलंच फीडर गेलं."

टेबलावर मिटलेल्या झाकणाच्या कडेला
पांढरा ठिपका सावकाश उजळत होता,
विझत होता.
बाबांनी जाता जाता
त्यावर तळवा ठेवला.
थंड होता.