गोंगाट, वर्ग अठरा

पहिल्याच दिवशी मुंबई बुडालेली होती.
फाइल उघडली तर घाटकोपरचा रस्ता उणे सत्तावन्न मीटर,
बाजार उणे अठ्ठावन्न.
मी घाबरून केहीमकर मॅडमना हाक मारली.
त्या हसल्या. म्हणाल्या, उपग्रह समुद्राला ओळखत नाही,
त्याची पृथ्वी गणितातली, गुळगुळीत, किंचित चेपलेली.
आपला समुद्र तिच्या बराच खाली पडतो.
मग त्यांनी जिऑइडचा तक्ता लावला
आणि शहर उठून उभं राहिलं, कपडे झटकत.

मी त्रेपन्न वर्षांचा. बाकी वर्ग पंचविशीच्या आतला.
तीस वर्षं डम्पी लेव्हल, तिपाई, पिवळी छत्री
आणि समोर स्टाफ धरून दत्ताराम घाग.
"डावीकडे. अजून. आता हलू नको."
एक उंची म्हणजे एक जागा, जिथे घाग उभा होता:
गटाराच्या झाकणावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागे,
एकदा तर कुणाच्या लग्नाच्या मांडवात,
टोपीवर अक्षता घेत.
दिवसाला साठ उंच्या झाल्या की उसाचा रस, अर्धा-अर्धा.

इथे विमान चाळीस मिनिटं फिरलं
आणि अकरा कोटी बिंदू घेऊन आलं.
अकरा कोटी जागा.
एकाही जागी कोणी उभं नव्हतं.

वहीत लिहिलं: लेझर खाली जातो, आपटतो, परत येतो.
वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले दोन.
मी दोनाने भागायला विसरलो,
माझ्या वहीत विमान दुप्पट उंच गेलं.
"जाणंही धरलंत, येणंही धरलंत," मॅडम म्हणाल्या,
"अंतर मात्र एकाच वाटेचं असतं, पाचपुते."

एका किरणाचे कधी तीन-चार परतावे:
रेनट्रीचा शेंडा, मधली फांदी, केबलची तार,
आणि नशिबात असेल तर पाल्याखालची माती.
शेवटचा परतावा म्हणजे जमीनच, असं समजायचं नाही.
विक्रोळीच्या तिवरांत तो चिखलापर्यंत पोचतोच असं नाही
आणि खाडीचं पाणी किरण गिळून गप्प बसतं;
पडद्यावर तिथे नुसतं काळं भोक.

वर्ग दोन जमीन. वर्ग पाच उंच झाडं. वर्ग सहा इमारती.
असल्फ्याच्या टेकडीवर संगणक गडबडला.
पत्रे एकमेकांना इतके बिलगलेले, उताराला इतके धरून,
की त्याने अख्खी वस्ती जमिनीत टाकली.
मी एकेक छप्पर उचकटून सहात ठेवलं.
वाट पायाखालची होती. हा नळाचा चौथरा.
ह्या पायऱ्यांवरून घाग घसरला, शहाण्णव साली,
गुडघा फुटला, स्टाफ सोडला नाही.

दुपारी एका गच्चीच्या वर, बारा मीटरांवर,
तीसेक बिंदू. हवेत. कशालाच न चिकटलेले.
शेजारचा इर्शाद म्हणाला, काका, गोंगाट आहे, उडवा.
मी बाजूने छेद घेतला.
बिंदूंचं अर्धं वर्तुळ, पूर्वेला झुकलेलं,
आणि खाली गच्चीत,
फरशीपासून पावणेदोन मीटरांच्या आत,
एकावर एक तीन बिंदू.

उड्डाण सकाळी साडेसातचं.
कुणीतरी कबुतरं सोडली होती,
हातात फडकं बांधलेली काठी असणार.

मॅडमनी वाकून पाहिलं. बरोबर ओळखलंत, म्हणाल्या,
पण नकाशात ह्यांना जागा नाही. वर्ग अठरा.
पुसायचं नसतं, फक्त वर्ग बदलायचा.
फाइलीत ते राहतातच, दाखवायचे नाहीत एवढंच.

तीस बिंदू अठरात टाकले.
उरलेल्या तिघांवर कर्सर नेला, बराच वेळ तिथेच ठेवला,
आणि सवयीने तोंडातून निघून गेलं,
"हलू नको."

इर्शादने मान वळवून पाहिलं.