अनाथोथचं शेत

विक्रीखत घेऊन मी राशोलला गेलो तेव्हा
एस्पेरांसबाय टीव्हीसमोर बसलेली.
"बस. जेरेमियासाला आत्ताच तुरुंगात घातलाय," म्हणाली,
जणू शेजारच्या वाड्यावरची बातमी.

स्वस्तातला सिनेमा, टीव्हीसाठीच काढलेला.
संदेष्ट्याची दाढी कानापाशी सुटलेली,
वेढा घालणारं सैन्य म्हणजे तीच वीस माणसं
तटाला वळसा घालून पुन्हा पुन्हा येणारी.
मी मनात हसलो. पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात चुलतभाऊ आला गजांपाशी:
अनाथोथचं माझं शेत विकत घे.
(मला "अनाथ" एवढंच ऐकू आलं.)
शहर उद्या पडणार,
हे यानंच जन्मभर ओरडून सांगितलेलं.
शेतात शत्रूचे तंबू.
आणि हा म्हणतो, घेतो.

इथं मी खुर्ची पुढे ओढली. हा तर माझा धंदा.
सतरा शेकेल चांदी, तराजूत तोलून.
साक्षीदार हजर. सह्या.
दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी,
दोन्ही मातीच्या मडक्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून.
मडगावच्या कचेरीबाहेर तीस वर्षं खतं लिहितोय,
इतकं चोख खत
आणि इतकं तोट्यातलं गिऱ्हाईक
पाहिलं नव्हतं.

एस्पेरांसबायनं आवाज बारीक केला.
"माझं कोण घेतोय?"
दिल्लीची कंपनी. भाव बरा आहे.
"येऊन बघितलं त्यांनी?"
नकाशा बघितलाय.
ती खिडकीतून खाजनाकडे बघत राहिली.
मानशीची फळी कुजली, बांध फुटला,
खारं पाणी आत आलं ते आलंच.
कोरगुट पेरायला माणूस नाही. मुलगा स्विंडनला.

"असला एक वेडा आण," ती म्हणाली,
"सतरा रुपयांत देते."

मी कागद सरळ करत बसलो.

मग तिनं सही केली. पूर्ण नाव,
पोर्तुगीज शाळेतलं वळण, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.
तिची प्रत कपाटात गेली नाही.
मिठातल्या आंब्यांची रिकामी बरणी आणून
झग्याच्या टोकानं आतून पुसायला लागली,
सावकाश, बोटं पोचतील तिथवर.
टीव्हीवर तीच वीस माणसं धावत होती.

फाटकाबाहेर आल्यावर,
का कोण जाणे,
खिशातले सुटे पैसे काढून
मी मोजले.