हाक मारायचं नाव

अमळनेरच्या स्टँडमागे झेरॉक्सच्या दुकानात
पोरगा विचारतो, नाव?
मी म्हणतो, निनाद.
तो आधार कार्ड उलटसुलट करतो.
इथं तर भिकन आहे.

आहे.
माझ्याआधी तिघं राहिली नाहीत,
म्हणून आईने पाच घरी पदर पसरला
आणि मूठ-मूठ ज्वारीबरोबर मला मागून घेतलं.
यमाला वाटावं, हे तर भिकेचं, हे काय न्यायचं!
यम फसला.
एचआरवाले फसत नाहीत.
धुळ्याला एमआयडीसीत मॅडम नाव वाचून
शेजारच्या साहेबांकडे बघून हसल्या,
थोडंसंच.
डिप्लोम्याचं पान उलटलंच नाही त्यांनी.

तर यंदा वर निनाद, ठळक,
आणि पार तळाशी, मुंगीएवढं,
कागदोपत्री: भिकन उत्तम सैंदाणे.
प्रतीमागे दोन रुपये. तीस काढल्या.

गुरुवारी जळगावहून फोन आला.
मी नळावर. मोबाईल फळीवर, चार्जिंगला.
निनाद सैंदाणे आहेत का?
आई म्हणाली,
आठे त्या नावना कोनी नही, भाऊ.
आणि पिठाच्या बोटाने बंद केला.

मी परत लावला.
कोण बोलतंय?
कळण्याची भाकर तिच्या हातावर होती,
थापायची थांबलेली.
मी अंगणात गेलो,
तरी आवाज घरात ऐकू जाईल एवढा निघाला.
भिकन बोलतोय, साहेब.
अर्जात निनाद आहे, तोही मीच.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
मग, सोमवारी अकराला या.
आधार ओरिजिनल आणा.