ऊद

टोबरमोरीहून सकाळी साडेसातला व्हॅन सुटली.
सीट आठ, मॉरवेन धरून माणसं सात,
आठवीवर चहाचे थर्मास, ओटची बिस्किटं
आणि नवशिक्यांसाठी दुर्बिणी, दोऱ्या गुंतलेल्या.

पहिलीच वेळ कुणाकुणाची? मॉरवेननं विचारलं.
मी हात वर केला.
छत्तीस वर्षं ग्लासगोत काढून
रानटी जनावर म्हणून पाहिला तो
पिशव्या फाडणारा कोल्हा,
आणि एकदा वॉर्डात शिरलेलं कबूतर.
वन्संनी हात वर केला नाही.
त्यांना वाटलं, वर्गणी काढतेय.

नियम तीन. हळू बोला. दचकून हलू नका.
आणि वारा तोंडावर घ्या, पाठीवर नको,
कारण पाणमांजराला दिसतं बेताचं, पण नाक...
इथं मॉरवेन थांबली. तिनं हुंगलं.
मागच्या सीटवर वन्सं बसल्या होत्या,
डोक्याला माक्याचं तेल, गुडघ्यांना बाम,
अख्खं चिपळूण अंगावर घेऊन.

मॉरवेन फार सभ्य बाई.
तुम्ही त्या जुन्या धक्क्यापाशी बसाल का,
आमच्यापासून जरा लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला?
मी मराठीत सांगितलं, बरंचसं गाळून.
वन्सं म्हणाल्या,
असू दे गं, बाहेर बसायची सवय आहे मला.

ओहोटी होती.
शेवाळावर पाय ठरत नव्हता.
एका खडकाशी मॉरवेननं गुडघे टेकले
आणि बोटाच्या पेराएवढी काळी लेंडी दाखवली.
आजचीच आहे, म्हणाली. वास घ्या.
आम्ही रांगेनं वाकलो.
लीड्सचे आजोबा म्हणाले, जाईच्या फुलांचा चहा.
त्यांची बायको म्हणाली, कापलेलं गवत.
माझी पाळी आली तेव्हा इंग्रजी सुचेना.
सोडे.
आगोटीला आई पत्र्याच्या डब्यात भरायची ते सोडे,
झाकण उघडताना यायचा तो पहिला भपकारा.

आमच्याकडे याला ऊद म्हणतात, मी म्हटलं,
आणि तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतात
तोही ऊदच.
मॉरवेननं वहीत लिहून घेतलं:
ऊद. पुढे एक बाण. ऊद.

मग तीन तास.
सील दिसले, आळसावलेले, दगडाहून थोडे ओले.
एक बगळा, जो हलला नाही.
एक ओंडका, ज्याला आम्ही सात वेळा पाणमांजर म्हटलं.
माझ्या दुर्बिणीत बहुतेक वेळ
माझ्याच पापण्या.
आजोबांनी यादीत खूण करायला काढलेली पेन्सिल
तशीच खिशात गेली.
परतताना मॉरवेननं माफी मागितली,
घरातलं कुणी पाहुण्यांपुढे यायला लाजलं
तर आपण मागतो तशी.

रात्री खोलीत
गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर घेऊन
वन्संनी विचारलं,
तो मुंगसासारखा, पण चिंब भिजलेला, तो कोण गं?

कुठे?

धक्क्याखाली. माझ्यापासून दहा हातांवर.
खेकडा खात होता. दोन्ही हातांत धरून.
आधी नांग्या, मग पाठ,
आपण खातो तसाच.

अहो, मग हाक नाही का मारायची?
एकशेवीस पौंड मोजलेत माणशी!

मारली असती,
तर सहा जण बारा काचा रोखून बसला असतात.
जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. दृष्ट लागते.
मीसुद्धा पाठ केली त्याच्याकडे.
नुसतं ऐकलं.
कडाकडा, कडाकडा,
मग बराच वेळ काही नाही,
मग पाणी.

मला काय बोलावं सुचेना. मी दिवा मालवला.
काळोखात माका, बाम,
आणि ओल्या बुटांना चिकटून आलेला लॉखचा काठ.

झोप लागतेय तोच वन्संचा आवाज आला:
उद्या गरुड ना?
ते कितीला जेवतात, तेवढं विचारून ठेव तिला.
आपण त्यानंतर जाऊ.