कोण, आणि कुठे

हल, नोव्हेंबर पंच्याण्णव.
गल्लीचं नाव लँड ऑफ ग्रीन जिंजर,
म्हणजे हिरव्या आल्याचा देश.
आलं कुठेच नाही. बुडालेल्या ट्रॉलरांच्या
भरपाईचे कागद करणारी कंपनी आहे,
आणि जिन्याखालच्या कपाटात
सोळा भोकांचं एक खोकं.
शनिवार, म्हणून हीटर बंद.
कोट न काढता बसलो.

काम एवढंच: कुठलं यंत्र कुठल्या भोकात.
ते लिहिलेली वही रॉय क्लबली
निवृत्त होताना चुकून घरी घेऊन गेला,
आणि त्याच्या बायकोने म्हणे ती रद्दीत घातली.

टोकन रिंग म्हणजे अंगणात गोल बसून
रुमालाचा खेळ खेळायचो, तसं काहीसं.
रुमाल ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचं.
दर सात सेकंदांनी हजेरी:
एक जण आपला पत्ता सांगतो,
पुढचा मनात ठेवतो, माझ्याआधी हा.
वरच्या अंगाच्या त्या एका शेजाऱ्यापलीकडे
कुणालाच कुणाचं काही ठाऊक नसतं.

खोक्याचं शहाणपण निराळं.
तारेतून पाच व्होल्ट येतात,
आत काहीतरी टक् करतं, दिवा लागतो.
कुणीतरी आलं.
कोण आलं, ते दिव्याला विचारू नये.

एका यादीत नावं, बिनजागांची.
दुसरीत जागा, बिननावांच्या.
मी दोन्ही मांडीवर घेऊन बसलेलो,
लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा,
थर्मासमधला चहा कधीच संपलेला.

नावं बारा. दिवे अकरा.
परत मोजले. बोट लावून मोजले.
तासभर तारा चाचपल्या, टेबलांखाली रांगलो,
एका टेबलाखाली कुणाचा तरी एकच बूट सापडला.
मग हसू आलं.
नदी उतरून आलेले दहा जण
मोजताना स्वतःलाच विसरतात,
ही गोष्ट आजोळी किती वेळा ऐकली होती.
इथे उलट. खोकं स्वतःलाच मोजून बसलं होतं.

आणि खोक्याचा ठिकाणा तर
माझ्या गुडघ्याला टोचत होता!
तिथून धरलं.
त्याच्या पुढचा तो पहिल्या दिव्याचा,
दुसरं भोक रिकामं, म्हणून पुढचा तिसऱ्याचा.
एक जागा पक्की झाली
की बाकीचे आपसूक रांगेत येतात.
तरी खात्रीला चौथी तार उपसली:
रिंग अडखळली, सावरली,
पुढच्या हजेरीत २२१४ गैरहजर.

रॉयने कारखान्याचे पत्ते पुसून
आपले दिले होते. शेवटी टेलिफोनचा नंबर,
२२१४, २२१५, असे शहाण्यासारखे.
फक्त नवव्या दिव्याचा:
४०००-१९४१-०५०८.
असा टेलिफोन हलमध्ये कुणाकडे नाही.

सोमवारी नवव्या तारेमागून चालत गेलो
तर डोरीन स्टॅदर्स, क्लेम विभाग,
नाकावर चष्मा, पेन्सिल दातांत.
म्हणाली, रॉयने विचारलं, तुला कुठला आकडा हवा?
मी म्हटलं, माझी तारीख घाल.
मे महिना, बॉम्ब पडत होते,
आई तळघरात, मी तिथेच झाले.
सकाळी वर आले सगळे, तर वर काही नव्हतंच.
दाखल्यावर अजून घराचा नंबर आहे.
सत्तावीस.
पोस्टमन तिथे काय टाकणार?

मला वसंतात ते सगळे पत्ते पुसायचे होते,
नव्या यंत्रांना कारखान्याचेच ठेवायचे होते.
ते तेव्हा सांगितलं नाही.
माझा तक्ता पुढे केला:
भोक नऊ, स्टॅदर्स, खिडकीशी.

तिने पेन्सिल दातांतून काढली,
खोडलं, आणि बारीक अक्षरात लिहिलं,
खिडकीशी नाही.
खिडकीच्या डावीकडे, जिथे वारा लागत नाही.